हाकेनंतरचे सेकंद

लाल पाकीट घेऊन मी तारळेकरांच्या दारात उभी राहिले तेव्हा आत चारही माग चालू होते. एका पत्र्याखाली चार माग चालले की तिथे माणसं बोलत नाहीत, नुसते ओठ हलवतात. अरुण तारळेकरांनी मला बघून ओठ हलवले, "आत या." मग त्यांची नजर पाकिटाच्या रंगावर गेली आणि ओठ हलायचे थांबले.

हल्ली सगळं फोनवर येतं, पण वाईट बातमी अजूनही हातात द्यावी लागते आणि तिची सही घ्यावी लागते. त्यासाठी साद प्रकल्पाने माझ्यासारख्या गृहभेट सहायिका नेमल्या आहेत. इचलकरंजीतल्या सहाशे घरांची दारं मला तोंडपाठ आहेत. कुणाचं दार बाहेर ओढायचं, कुणाचं ढकलायचं आणि कुणाच्या दाराआडचं कुत्रं नुसतं भुंकतं, हेही.

स्वयंपाकघर मागच्या बाजूला होतं. मधलं दार लावलं की मागांचा आवाज निम्मा होतो. त्यांची बायको रूपाली कांद्याची पात चिरत होती. पाकीट फोडून तिने वाचलं, परत वाचलं, आणि विळी आडवी केली.

"ताई, हे काय ओ? नव्वद दिवस?"

"सोमवारी गाडी येईल. पन्हाळ्याच्या बाजूला केंद्र आहे. तिथे फोन नाही, पडदा नाही. डॉक्टर असतात, चांगले असतात." हे मी पाठ केलेलं होतं आणि ते पाठ केल्यासारखंच बाहेर आलं.

"आन दहावी?"

डिसेंबर चालू होता. डिसेंबरात नव्वद दिवस मिळवले की मार्च येतो. 

"पोरगी फोनवर खेळत्या, हे मी न्हाई म्हणत न्हाई," रूपाली म्हणाली. "चार-चार तास खेळत्या. पर मागाच्या सुताच्या कांड्या भरत्या, अभ्यास करत्या, वर्गात पहिल्या पाचात हाय. एवढी काय वाया गेलीया?"

आता ईश्वरी तारळेकर, वय पंधरा, सरकारदरबारी एवढी वाया कशी गेली, ते सांगते.

मुलांच्या खेळवेडाचं मोजमाप पूर्वी प्रश्न विचारून व्हायचं. मुलं कमी सांगत, आया जास्त सांगत आणि बाप "हिलाच विचारा" म्हणत. मग तास मोजायला लागले. तासांनी काही कळेना. बुद्धिबळाला सहा तास बसणाऱ्या मुलाचा सत्कार होतो आणि फोनवर सहा तास बसणाऱ्याला डॉक्टरकडे नेतात. तासांत आवड आणि अडकणं वेगळं दिसत नाही.

मग पुण्याच्या डॉ. केतकी गोगटेंनी एक साधी गोष्ट हेरली. आवडीत आणि अडकण्यात फरक पडतो तो सोडताना. खेळ ऐन रंगात आला असताना बाहेरून बोलावणं आलं की मेंदूला तीन कामं करावी लागतात. बोलावणं टिपायचं, काय करायचं ते ठरवायचं आणि हात सोडवायचा. हे सगळं अंगठ्यात उमटतं. प्रत्येकाच्या अंगठ्याची पडद्यावरची लय हस्ताक्षरासारखी असते. बोलावणं मेंदूत पोचलं की ती लय मोडते. म्हणून चाचणी अशी: आईच्या आवाजात मुलाचं नाव रेकॉर्ड करायचं, दोन आठवडे खेळाच्या मध्येच ते अचानक वाजवायचं आणि हाक आल्यापासून लय मोडेपर्यंतचे सेकंद मोजायचे. पाचच्या आत आलं तर हिरवा. वीसच्या पुढे गेलं तर लाल.

ईश्वरीचे सेकंद आले होते चौऱ्याहत्तर.

"कुठे आहे ती?" मी विचारलं.

"माळ्यावर. बोलवू?" असं म्हणून रूपालीने हाक मारली नाही. ओट्याशेजारचं एक बटण तिने दोनदा खालीवर केलं आणि परत पात चिरायला घेतली.

मी जिन्याकडे बघतच होते. पायरीवर पाय वाजले आणि ईश्वरी खाली आली. फोन वरच ठेवून आली होती. "काय गं आई? पाणी तापवू?"

"हे बटण कशाचं?" मी विचारलं.

"माळ्यावरच्या दिव्याचं," रूपाली म्हणाली. "दोनदा मिचकावला की खाली ये. तीनदा मिचकावला की पाव्हणं आल्यात, केस विंचरून ये. आमच्या सासूबाईंपासून हाय. मागाच्या घरात हाका मारून कोण मरायचं ओ?"

ईश्वरीने विळीशेजारचं लाल पाकीट बघितलं. तिच्या वर्गातल्या दोघींना ते आधीच मिळालं होतं.  आईने चिरलेली पात तिने गोळा केली, पातेल्यात टाकली आणि पातेल्याकडेच बघत विचारलं, "मावशी, मी हाक ऐकली नाही म्हणून का?"

पाकिटाची सही न घेताच मी बाहेर पडले. नोकरीत अशी चूक मी पहिल्यांदाच केली, आणि जाणूनबुजून केली.

*

रिक्षात बसून मी माझी वही काढली. आमच्या भागात चौदा लाल होते. मी पत्ते वाचत गेले. चौदांपैकी अकरा मागांच्या गल्ल्यांतले निघाले. संगणकाला हे पत्ते दिसतात, पण त्या गल्लीत उभं राहिल्यावर दाताच्या मुळापर्यंत जो खडखडाट पोचतो तो त्याला दिसत नाही. मी रिक्षा प्रकल्पाच्या कार्यालयाकडे वळवायला सांगितली.

डॉ. गोगटे चौतिशीच्या. हुशार, सडसडीत, आणि डबा कायम अर्धा ठेवणाऱ्या. गुरुवारच्या आढावा बैठकीसाठी त्या दर महिन्याला पुण्याहून यायच्या, आणि माझ्या नशिबाने बुधवारीच येऊन बसल्या होत्या.

"कुमुदताई, मागांचा आवाज आम्ही धरलेला आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "भोवतालचा गोंगाट वाढला की हाकेचा आवाज आपोआप वाढतो. हाक तिच्या कानापर्यंत पोचतेच."

"पोचते हो. पण तिला ती हाक वाटत नाही."

"म्हणजे?"

"त्या घरात आवाजाने कुणी कुणाला बोलवत नाही. ती पोरगी पाळण्यात होती तेव्हापासून आवाज म्हणजे भिंतीसारखी गोष्ट. भिंतीकडे कोण बघतं? तिथे बोलावणं उजेडाने येतं. दिव्याने, नाहीतर खांद्यावरच्या हाताने. रूपालीला नाव रेकॉर्ड करायला मीच सांगितलं होतं. तिने बातम्या देणाऱ्या बाईसारखं म्हटलं, 'ईश्वरी, इकडे ये.' जन्मात त्या बाईने तिला असं बोलावलं नसेल."

गोगटेंनी चमचा डब्यात ठेवला. मग म्हणाल्या, "मागांच्या वस्तीत लाल जास्त आले, तेव्हा आम्हाला वाटलं की ताण जास्त असेल, घरात लक्ष कमी असेल."

"लक्ष कमी," मी म्हणाले. "त्या बाईचा एक डोळा भाजीवर, एक दाराला आणि एक हात बटणावर असतो."

त्या हसल्या, पण शास्त्रज्ञाला हसवून काम होत नाही. "तुमचं म्हणणं पटण्यासारखं आहे. पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे. आता जाऊन दिवा लावून बघितला तर ती पटकन उठणारच. तिला माहीत आहे की सोमवारी गाडी येणार आहे."

हे खरं होतं. दोघी खिडकीबाहेर बघत बसलो. बाहेरच्या खांबावर विजेच्या मीटरची ओळ होती. गोगटेंची नजर त्या ओळीवर अडकली आणि मग त्या एकदम उभ्या राहिल्या.

"घराचा मीटर मागांपासून वेगळा असतो ना?"

"असतोच. मागांचा वेगळा, घराचा वेगळा."

"नवे मीटर सेकंदाच्या दहाव्या भागाची नोंद ठेवतात. प्रत्येक दिव्याची, प्रत्येक मिक्सरची वीज ओढायची ढब वेगळी असते. लुकलुकणारा दिवा तर लगेच ओळखू येईल." त्यांनी डबा बाजूला सारला. "ताई, चाचणी चालू होती त्या दोन आठवड्यांत आई दिवा मिचकावतच असणार. तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं की दिव्याला काही अर्थ आहे. मीटरमधली वेळ आणि अंगठ्याची वेळ शेजारी शेजारी ठेवली की झालं. फक्त घरच्यांची परवानगी हवी."

परवानगी घ्यायला मी परत गेले. रूपालीने कसलंही कलम न वाचता फोनवर अंगठा लावला. "दिवा माझा, बटण माझं, पोरगी माझी," ती म्हणाली. "काय बघायचं ते बघा की."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी आढावा बैठक संपल्यावर आकडे आले. आम्ही दोघीच होतो. पडद्यावर अंगठ्याची रेघ वरखाली नाचत होती आणि तिच्यावर दिव्याच्या खुणा पिवळ्या ठिपक्यांनी दाखवल्या होत्या. ऐन खेळात दिवा तेहेतीस वेळा मिचकावला होता.

पहिला ठिपका. दोन सेकंद, आणि रेघ सपाट. पुढे पंचवीस मिनिटं सपाट. दुसरा ठिपका, दीड सेकंद, सपाट. एके ठिकाणी ईश्वरीचा गट जिंकायला एक चाल बाकी होती. ठिपका आला, रेघ एकदा थरथरली आणि पडली. तेहेतीसपैकी एकतीस वेळा पोरगी तीन सेकंदांच्या आत खेळ टाकून उठली होती.

"माझ्या सगळ्या नमुन्यात असं सुटणं नाही," गोगटे हळू आवाजात म्हणाल्या. "हिला मी केंद्रात पाठवणार होते."

मला उठून नाचावंसं वाटत होतं. वय आणि गुडघे आड आले.

"अहवालात तुलनेला एक आदर्श हिरवी रेघ दाखवू," त्या म्हणाल्या आणि त्यांनी दुसरं पान उघडलं. "हे बघा. हाकेला ओ सरासरी दोन सेकंदांत. जिल्ह्यातल्या सगळ्यात चांगल्या दहांमधली मुलगी."

मी बघायला लागले. हाक आली, रेघ खाली गेली, आणि लगेच वर आली. पुढची हाक, पुन्हा तेच. खाली, वर. एका संध्याकाळी सात चाळीसला हाक होती आणि खेळ थांबला होता आठ बावीसला. मधे रेघेला सहा खळगे पडले होते. एकेक खळगा एवढासाच, तोंडाने "आले" म्हणायला लागतो तेवढा.

कोपऱ्यात मुलीचा क्रमांक होता. ०११७. नावं कुणालाच दिसत नाहीत, पण क्रमांक मीच वाटले होते, घरांच्या ओळीने. एकशे सतरा म्हणजे आमचं घर.

माझी ओवी. वय चौदा. एका हाकेत "आले गं आई" म्हणणारी. तिचं हिरवं पाकीट मी देवाच्या फोटोमागे ठेवलं होतं आणि गल्लीतल्या तिघींना, अगदी सहज म्हणून, दाखवलंही होतं.

"चहा सांगू?" मी विचारलं. 

चहा येईपर्यंत मी हिशेब मांडला. ईश्वरी सुटली होती. दिव्याची गोष्ट पुरेशी होती. मी गप्प बसले असते तर कुणाचंच काही बिघडत नव्हतं. ०११७ हिरवा राहिला असता, फोटोमागचं पाकीट फोटोमागे राहिलं असतं. आणि माझी मुलगी दररोज संध्याकाळी मला "आले" म्हणत राहिली असती.

"डॉक्टर," मी म्हणाले, "हे मूल येत नाहीये. नुसतं आले म्हणतंय."

"पण प्रतिसाद उत्तम आहे."

"प्रतिसाद तोंडाचा आहे. तुम्ही लय मोडेपर्यंतचे सेकंद मोजलेत. हात सुटेपर्यंतचे मोजलेच नाहीत. ओ देणं वेगळं आणि उठून येणं वेगळं. तुमच्या तीन कामांपैकी तिसरं राहूनच गेलं."

गोगटेंनी रेघ परत पाहिली. या वेळी बराच वेळ. "सुरुवातीला ते कलम होतं," त्या म्हणाल्या. "मोजायला अवघड म्हणून मी पहिल्या प्रतिसादावर आले." मग जरा सावरून, "तरी ही मुलगी अडकलीच आहे असं म्हणता येणार नाही. घरी कुणी हाकेमागे येतच नसेल, जेवण उशिरा होत असेल..."

"जेवण पावणेआठला होतं. पोळ्या गार होतात. मी सहाव्या हाकेला तिच्या खोलीत जाते."

त्यांनी मान वर केली.

"एकशे सतरा माझं घर आहे," मी म्हणाले.

चहा आला. गोगटेंनी एक कप माझ्याकडे सरकवला.

*

त्या दिवशी संध्याकाळी मी हाक मारलीच नाही. ओवीच्या खोलीत गेले आणि तिच्या शेजारी बसले. ती खेळत राहिली, पण अंगठे अडखळायला लागले.

"आई, तू अशी बसलीस की मला भीती वाटते. कोण गेलं?"

"कुणी नाही. खेळ तू."

"असं कुणी बघत बसल्यावर खेळता येतं का?" तिने फोन उपडा ठेवला. दोन मिनिटांनी परत उचलला, परत ठेवला. "काय झालंय?"

मी रेघेचं सांगितलं. सहा खळग्यांचं, पोळ्यांचं. रागावणार नाही असं ठरवलं होतं आणि आश्चर्य म्हणजे रागावले नाही.

तिने उशीची शिवण नखाने कुरतडली. मग म्हणाली, "मला उठायचं असतं. खरंच असतं. मी आले म्हणते तेव्हा मला वाटतं की मी उठलेच. आणि मग बघते तर मी तिथेच."

"कधीपासून?"

"गणितात नापास झाले तेव्हापासून. सहामाहीत."

"तू तर सांगितलंस, पेपर दिलेच नाहीत अजून."

"दिलेत. बाबांची सही मी केली." तिने माझ्याकडे बघितलं. "तिथं हरलं की परत पहिल्यापासून मिळतं, आई. वर्गात नाही मिळत."

सहाशे घरांत जाऊन मी आयांना समजावते आणि माझ्या घरातला नापासाचा पेपर दोन महिने कुठे आहे हे मला ठाऊक नव्हतं. तो गादीखाली होता. आम्ही तो बाहेर काढला आणि इस्त्रीने सरळ केला.

"मी आता लाल होणार का?" तिने विचारलं.

"होशील."

"मग तू सांगितलंस कशाला त्यांना?"

"कारण तू खूप दिवस मला हाका मारत होतीस, आणि मी नुसतं हो-हो म्हणत होते."

हे ऐकून ती रडली. मग तिने पोळ्या गरम केल्या. तीन जळल्या. आम्ही खाल्ल्या.

*

शनिवारी कोल्हापूरला समिती बसली. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारे. डॉ. गोगटेंनी दोन्ही रेघा दाखवल्या, आणि कुठेही शब्द न फिरवता सांगितलं की चाचणीचे दोन भाग चुकले आहेत. एक, हाक घरची नव्हती. दुसरं, सुटणं मोजलंच नव्हतं.

"म्हणजे इतके महिने आपण नेमकं काय मोजत होतो?" अध्यक्षांनी विचारलं.

"मागांच्या घरातली मुलं उजेडाऐवजी आवाजाला किती दाद देतात ते," गोगटे म्हणाल्या. "आणि बाकीच्या घरांत, मुलं किती सभ्यपणे आले म्हणतात ते."

सभागृहात खसखस पिकली. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "नवी चाचणी लावली तर?"

"दोन दिवसांत आम्ही चौदाही लालांची घरं पुन्हा तपासली. त्याच दोन आठवड्यांच्या मीटरच्या आणि फोनच्या माइकच्या जुन्या नोंदींत प्रत्येक घराची स्वतःची हाक शोधून. कुठे दिवा, कुठे ताटलीवर चमचा, एका घरात आजोबांची काठी. मागांच्या गल्लीतल्या अकरांपैकी नऊ हिरवे झाले. आणि तुलनेला घेतलेल्या चाळीस हिरव्यांपैकी चार लाल झाले."

"मग त्या चौघांना सोमवारच्या गाडीत बसवा," शेजारचे एक सदस्य म्हणाले.

मला बोलायचं कारण नव्हतं. सहायिका फायली धरायला येतात. पण मी उभी राहिले, फायलींसकट.

"साहेब, त्या चौघांत माझी मुलगी आहे. हा दोष मी दाखवला. गाडीत बसवतात हे माहीत असूनही दाखवला, पण बोलायच्या आधी चहा येईपर्यंत मी विचार केला. दुसरी आई तेवढाही करणार नाही, सरळ गप्प बसेल. मुलाला शिकवून ठेवेल की हाक आली की अंगठा उचल. तुमच्या मोजमापाच्या टोकाला शिक्षा असेल तर घरं तुमच्याशी खोटं बोलतील, आणि यंत्र कितीही हुशार असलं तरी त्याला खोटंच मिळेल. लाल निघालं म्हणजे मूल न्यायचं असं नको. लाल निघालं म्हणजे घरी कुणीतरी यायचं, असं करा. बसायला. विचारायला, की बाळा, पेपर कुठाय."

शेवटचं वाक्य कुणाला कळलं नसेल. गोगटेंना कळलं. त्या उठल्या आणि माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. अर्ध्या फायली त्यांनी घेतल्या.

अध्यक्षांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. "सोमवारची गाडी रद्द करा," ते लेखनिकाला म्हणाले. "आणि या बाईंचं म्हणणं शब्दशः लिहून घ्या. पेपरच्या वाक्यासकट."

बाहेर पडल्यावर पहिला फोन मी रूपालीला केला. मागांच्या आवाजात तिला एक अक्षर ऐकू येईना. शेवटी मी फोन ठेवला आणि नुसता हिरवा ठिपका पाठवला. उत्तरादाखल तिने एक चित्रफीत पाठवली, जेमतेम दहा सेकंदांची. माळ्यावरचा दिवा लुकलुकत होता. दोनदा नाही, तीनदा नाही, थांबायचं नावच घेत नव्हता, आणि त्या उजेडात ईश्वरी दोन्ही हात वर करून नाचत होती.

*

मार्च संपला. ईश्वरीची दहावी झाली आणि आता ती रोज पाच तास खेळते. मला त्याचं काही वाटत नाही, रूपालीलाही नाही. घरच्या हाकेची चाचणी जूनपासून सगळ्या राज्यात लागणार आहे. गोगटे परवा आल्या होत्या. त्यांनी पूर्ण डबा संपवला.

आमच्याकडे आठवड्यातून दोनदा एक गृहभेट सहायिका येते. माझ्याच खात्यातली, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, आणि मलाच समजावून सांगते. मी ऐकून घेते. ती आणि ओवी गणित सोडवतात, कधी एकत्र खेळतात, आणि खेळ मधेच टाकून उठायचा सराव करतात. आधी हरत असताना, मग बरोबरीत असताना, मग जिंकत असताना. शेवटचं सगळ्यात अवघड. पहिल्या महिन्यात ओवीला अकरा मिनिटं लागत होती. मग सात. मधे एक आठवडा पुन्हा वीसवर गेलं, आणि त्या आठवड्यात घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. पुढच्या गणिताच्या पेपरात तिला एकेचाळीस मिळाले. तो पेपर आता देवाच्या फोटोमागे आहे. हिरवं पाकीट मी रद्दीत टाकलं.

काल पावणेआठला मी तव्यावर पोळी टाकली आणि सवयीने हाक मारली, "ओवी, पानं घेतली."

उत्तर आलं नाही. "आले" नाही, "हो" नाही, काहीच नाही. पोळी फुगली, मी ती उलटली, आणि माझं डोकं तापायला लागलं. चार महिन्यांची मेहनत, म्हटलं, आणि आता तर तोंडाने ओसुद्धा नाही. दुसरी हाक मारायला मी उलथनं हातात घेऊन गर्रकन वळले.

ती माझ्या मागेच उभी होती. हातात ताट होतं.

"किती ओरडतेस," ओवी म्हणाली. "वाढ ना."